निरोप आला नाही तोवर

लासमीचा नवरा दर्सा सकाळी सकाळी देवळाच्या आवारात आला आणि तिचा फोन मागून घेऊन गेला. म्हणाला, चार्जिंगला लावतो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी ज्याला बायकोच्या चपलेचा रंग सांगता आला नसता, त्याला तिच्या फोनची बॅटरी उतरलेली दिसली, हेच मोठं नवल. पण लासमीचे हात कोपरापर्यंत तांदळाच्या पिठात होते आणि भोवती तीस बायका होत्या. नवल करायला सवड नव्हती. ओच्यात खोचलेला फोन तिनं कोपरानंच त्याच्याकडं ढकलला.

त्या दिवसांत उमासारी गावात घरटी एक बाई आणि एक पुरुष देवळात राबत होते. लागोपाठ दोन पिकं उंदरांनी खाल्ली होती. औषधं घालून झाली, बिळांत धूर करून झाला, मेलेल्या उंदरांना रीतसर मंत्र म्हणून अग्नीही देऊन झाला, तरी उंदीर काही समजुतीनं घेईनात. खाचरं वाळून भेगाळली होती, आणि तिसरं पीक गेलं तर बियाण्यालासुद्धा भात उरणार नव्हतं. शेवटी गावानं भातदेवीचा मोठा उत्सव धरला. तीस वर्षांत तो झाला नव्हता. त्याला सराड लागतो. सराड म्हणजे बांबूच्या दोन पुरुष उंच सांगाड्यावर तांदळाच्या पिठाची रंगीत, तळलेली चित्रं टाचून उभी केलेली अख्खी सृष्टी. तळाला कासव आणि नाग, त्यावर डोंगर, झाडं, जनावरं, माणसं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर देवी. पौर्णिमेला तो उभा राहायचा होता. पौर्णिमेला सहा दिवस उरले होते आणि सराड अजून नागाच्या शेपटीपर्यंतच आला होता.

सराडाची सुरी लासमीकडं होती. सुरी म्हणजे वीतभर लांबीचं टोकदार पातं, पुजाऱ्यानं तीर्थ शिंपडून हातात दिलेलं. जिच्या हातात ती, तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी करायचं. तीस वर्षांपूर्वी ती लासमीच्या सासूकडं होती. सासूला गाव मेन दर्सा म्हणे, म्हणजे दर्साची आई. आता म्हातारीचे हात थरथरत, म्हणून तिनं सून पुढं केली. कौतुक म्हणून नव्हे. सुरीवालीला मधेच काम टाकून बाजूला बसावं लागू नये, म्हणून विटाळ गेलेलीच बाई लागते, आणि लासमीचा जाऊन दोन वर्षं झाली होती. निवडीच्या दिवशी मेन दर्सानं हे भर सभेत, पुरुषांसमोर, चांगलं खणखणीत सांगितलं होतं. लासमीनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

दुपारपर्यंत लासमीला कळलं की काहीतरी बिनसलंय. ती कढईकडं गेली की तिथलं बोलणं थांबे. ती वळली की मागं कुजबुज. पिठाचे नाग करणारी रस्नी, जिच्या जिभेला हाड नव्हतं आणि जी रोज लासमीची एकतरी खोडी काढल्याशिवाय जेवत नसे, ती आज आपणहून उठली आणि तिला कॉफी घेऊन आली. लासमीला ती म्बोक म्हणे, म्हणजे ताई.

"म्बोक, घे. साखर जास्त घातलीय."

"का गं? मी आजारी आहे का?"

"नाही... म्हणजे, अशीच." रस्नी लगबगीनं आपल्या नागाकडं परतली.

त्याहून कहर म्हणजे मेन दर्सा जवळ आली, लासमीनं वळलेलं माकड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालंय." सासूच्या तोंडून हा शब्द लासमीनं आजवर फक्त लोणच्याबद्दल ऐकला होता.

मग बागिया आला. बागिया तेगल गावचा, माडाच्या कोवळ्या झावळ्या विकणारा. तेगल हे लासमीचं माहेर, ओढ्याच्या पलीकडं, उतरून चढायला अर्धा तास. दिवसाआड तो मोटारसायकलवर झावळ्यांचे भारे घेऊन यायचा आणि फाटकातूनच ओरडायचा, "लासमी, तुझ्या म्हातारीनं शिव्या पाठवल्यात! उठवून बसवा म्हणते!" महिन्यापूर्वी आई पाणवठ्यावर घसरून पडली होती, खुबा मोडला होता, तेव्हापासून अंथरुणावर. लासमी तिला शेवटची भेटून आली त्याला बारा दिवस झाले होते. एकदा मनगटाला कामाचा पिवळा दोरा बांधला की आजाऱ्याच्या घरी जायचं नसतं. तेव्हा बागियाच्या तोंडच्या शिव्या हीच काय ती आईची खबर.

आज बागियानं गाडी बंदही केली नाही. भारे फाटकाबाहेर टाकले, मान खाली घातली, आणि वळला. लासमी पिठाच्या हातांनी फाटकापर्यंत गेली.

"बागिया! अरे, शिव्या कुठायत?"

त्यानं ऐकलं. ऐकल्याचं त्याच्या पाठीवरून दिसलं. पण तो थांबला नाही. लासमी फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिली. आई गेली.

कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला ते कळलं होतं. आणि उमासारीच्या रीतीप्रमाणं अजून काहीच झालेलं नव्हतं. या भागात मरण घडतं ते निरोप आल्यावर. मेलेल्याच्या घरचा पुरुष येतो, पायरीवर बसतो, विड्याचं ताट पुढं ठेवतो आणि तोंडानं सांगतो. ऐकणारा 'ऐकलं' म्हणतो. तिथून सुतक सुरू. त्याआधी पंचक्रोशीला ठाऊक असलं, कुत्र्यामांजरांना ठाऊक असलं, तरी तुमच्यापुरतं ते माणूस जिवंतच. देवाचं मोठं कार्य असलं की निरोप मागं ठेवतात, आणि सगळे जण तोंडाला कुलूप लावून फिरतात. लासमीनं स्वतः दुसऱ्यांसाठी असं कुलूप दोनदा लावलं होतं. तेव्हा त्यात अवघड असं काही वाटलं नव्हतं.

ती परत येऊन बसली आणि पीठ मळू लागली. पीठ घट्ट झालं होतं. तिनं त्यात पाणी घातलं, ते जास्त झालं, मग पुन्हा पीठ घातलं.

दिवेलागणीला घरी गेल्यावर दर्सानं स्वतः ताट वाढून आणलं. माशाचं डोकं तिच्या पानात होतं. ते डोकं घरात कायम त्याचं असे.

"फोन?" लासमीनं विचारलं.

"होतोय चार्ज."

"सकाळपासून?"

"जुना झालाय. तुझ्यामाझ्यासारखा." दर्सा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तो खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्चा. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात.

"ब्ली," ती म्हणाली. नवऱ्याला इथल्या बायका मारतात ती नुसती हाक तिनं मारली आणि त्याच्या कानांकडं बघत राहिली.

दर्सा ताडकन उठला. "कोंबडा बघून येतो. दुपारपासून खात नाही." कोंबडा चांगला खाऊन पिऊन टोपलीखाली झोपला होता. लासमीनं माशाचं डोकं तसंच ठेवलं, भात मात्र सगळा खाल्ला. उद्या राबायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तळण होतं. चुलखंडावर चार कढया, खोबरेल तेलाचा दर्प, वरून कोरडा वारा धूर परत डोळ्यांत आणून सोडी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणाच्या डोळ्यातलं कशामुळं हे कुणी विचारत नव्हतं. लासमीला ती एक सोय झाली. झाडं तळून झाली, गाई झाल्या. हरिणांच्या वेळी तिचा हात कढईच्या काठाला लागला आणि मनगटाच्या आत बोटभर कातडी सोलवटली. तिनं हूं केलं नाही. रस्नीनं धावत जाऊन कोरफड आणली, ती मात्र रडकुंडीला आली होती.

"म्बोक, तू जरा बस ना. जरा टेक."

"का बसू?"

रस्नी खाली मान घालून कोरफड चोळत राहिली. अजून एकदा विचारलं असतं तर ती पोर घळाघळा सगळं ओकली असती. लासमीच्या जिभेवर प्रश्न आलाच होता. आई कधी गेली? तेवढ्यात मागून मेन दर्सा आली आणि बांबूच्या टाचण्यांची मूठ लासमीच्या पुढं धरली.

"चल, टाचायला घे. तोंडात धर ह्या."

टाचणी म्हणजे चोयेची टोकदार काडी. टाचणाऱ्या बाया त्या दातांत धरतात, हात मोकळे राहावेत म्हणून. लासमीनं सासूकडं पाहिलं. मग तोंड उघडलं, आणि मेन दर्सानं लेकराला घास भरवावा तशा पंधरा-वीस काड्या तिच्या दातांत दिल्या.

सासू-सुना सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. म्हातारी चित्र धरी, लासमी टाची. बराच वेळ गेल्यावर मेन दर्सा बोलू लागली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, नजर मात्र हातातल्या हरणावर.

"आजकालच्या पोरींना माहीत नसतं, म्हणून सांगते. देवळात कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलायचं नसतं. खरं सांगावंच लागतं. म्हणून शहाण्या बाईनं विचारू नये."

कढईतलं तेल तडतडत होतं.

"आणि सुरीवालीला सुतक कळलं, तर त्या घडीला तिच्या हातातलं सगळं बाटलं. पार हे कासवापासून. नदीत सोडायचं. पाच दिवसांत दुसरा सराड कुणाचा बाप उभा करणार? पीठ तरी कुणाच्या घरात उरलंय? शेवटचं भात दळून आणलंय लोकांनी इथं." तिनं हरीण जरा वर सरकवलं. "हां, इथं टाच. खोल."

लासमीनं टाचलं. काडी सांगाड्यात इतकी खोल गेली की पलीकडून मेन दर्साच्या बोटाला टोचली. म्हातारीनं बोट तोंडात घालून चोखलं आणि दुसरं हरीण उचललं.

लासमीला सासूचा राग आला, आणि राग करावा असं तिच्या बोलण्यात काही सापडेना. त्यामुळं तो जास्तच आला. शेवटचं भात दळलेल्यांत तिचं स्वतःचंही घर होतं. गाव खोटं नव्हतं. पण तिकडं आई अंगणातल्या बांबूच्या बाजेवर पडली असेल, अंगावर पांढरं वस्त्र, उशाला दिवा. तिला न्हाऊ घालायला मुलगी नाही. एकुलती एक मुलगी इथं पिठाची हरणं टाचतेय. भाऊ सुदाना आहे, पण त्याची बायको परदेशी जहाजावर कामाला. मग आईच्या अंगाला हात कोण लावणार? शेजारणी लावतील. लावतील नीटच, पण आईच्या डाव्या खांद्यावर जुना चटका आहे, तिथं तिला घासलेलं चालत नाही, हे शेजारणींना कुठलं माहीत?

आईला न्हाऊ घालायचं. एवढंच तिला हवं होतं. तिला ना मोठ्यानं रडायचं होतं, ना कुणी सांत्वन करायला हवं होतं. नंतर माती झाल्यावर जाऊन काय करायचं, ढिगाऱ्याला हात लावायचा?

तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी देवळात गेली. मांडवाच्या खांबावर कॅलेंडर टांगलेलं होतं. या भागात कॅलेंडर बघितल्याशिवाय कोणी कोंबडीसुद्धा अंड्यावर बसवत नाही. कुठला दिवस पेरणीचा, कुठला केस कापायचा, कुठला माती देण्याचा, सगळं त्यात बारीक अक्षरात असतं. लासमीनं चष्मा लावला. परवा, जेव्हा बागियानं पाठ फिरवली, तो दिवस मातीला निषिद्ध. कालचाही निषिद्ध. आजचा चालणारा. उद्या पुन्हा नाही, परवापासून पौर्णिमेपर्यंत तर नाहीच नाही. या उन्हात कोण इतकं थांबणार? म्हणजे आजच. तेगलात न्हाणं घालतात ते उन्हं कलल्यावर.

तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. मग जाऊन देवीचं पीठ मळायला घेतलं.

देवी सगळ्यात शेवटी करायची असते, पण तिनं आज घेतली. रस्नीनं भुवया उंचावल्या. "म्बोक, अजून पाखरं राहिलीत की."

"पाखरं तू करशील. इकडं बस. बघ मी कसं करते."

तिनं रस्नीला शेजारी बसवलं आणि हात चालवता चालवता सांगत गेली. चेहऱ्याला पीठ दोनदा वाफवायचं, नाहीतर तळताना गालाला तडा जातो. डोळे आधी कोरायचे, मग नाक. मुकुटाच्या पाकळ्या एकशे आठ, एकही कमी नको. पाखरं पांढरी पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, काळी उत्तरेला. देवी चढवताना तिचं तोंड डोंगराकडं, आणि चढवणाऱ्यानं तेव्हा शिंकायचं नाही, बोलायचं नाही.

"मला कशाला सांगतेस? तू आहेस ना," रस्नी म्हणाली.

"म्हण बघू. पिवळी कुठं?"

"पश्चिमेला."

"काळी?"

"उत्तरेला. पण म्बोक..."

"पुन्हा पहिल्यापासून म्हण."

मेन दर्सा समोर पानं कातरत बसली होती. तिची कातर मधेच थांबली आणि पुन्हा चालू झाली.

देवीचा चेहरा जमून आला. लासमीनं आयुष्यात केलेल्या चेहऱ्यांत हा सगळ्यांत चांगला होता, हे तिचं तिलाच कळलं. तीस वर्षांनी एकदा सुरी हातात येते आणि पुढच्या खेपेला ती एकोणऐंशीची असणार, म्हणजे नसणारच. तो चेहरा वर चढताना बघायचं, ढोलांच्या गजरात, सगळ्या गावानं वर बघताना आपणही बघायचं, याची तिनं सासूखाली हमाली करत किती वर्षं वाट पाहिली होती. तिला फार वाईट वाटलं. तिनं चेहऱ्यावर ओलं फडकं झाकलं, हात धुतले आणि सुरी पुसली.

सुरी मधेच खाली ठेवायची तर देवळाला एकच कारण चालतं. त्याला पुरावा मागत नाहीत, प्रश्न विचारत नाहीत. विटाळ त्या घडीपुरता असतो, आधी केलेल्या कामाला लागत नाही, आणि मरणाच्या घरी तो कुणी धरत नाही. पण ते कारण तिच्याजवळ नव्हतं, आणि नाही म्हणूनच तर सुरी मिळाली होती. देवळाच्या आवारात उभं राहून, देवीचा चेहरा करून झालेल्या तोंडानं खोटं बोलायचं. उद्या उंदीर पुन्हा आले, तिसरंही पीक गेलं, तर? गाव विसरेल एखाद्या वेळी, पण तिला स्वतःला कसं विसरता येईल?

सूर्य माथ्यावर आला होता.

ती उभी राहिली. "मेमे," तिनं सासूला आई म्हणून हाक मारली. आवाज मोठा निघाला. मांडवातल्या सगळ्या माना वर झाल्या, पलीकडं बांबू तासणारे पुरुषही थांबले. दर्सा त्यांच्यातच होता.

"मी बाहेरची झाले."

कुणाला क्षणभर समजलंच नाही. मग एक तरुण पोरगी फिसकन हसली आणि शेजारणीनं तिच्या मांडीला चिमटा काढला. दर्साच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. रस्नीचं तोंड उघडं पडलं, आणि त्या तोंडाला कुलूप कसलं म्हणून नव्हतंच.

"पण म्बोक, तुझं तर दोन वर्षांमागंच..."

"तू मोजत होतीस का गं?" मेन दर्सा कडाडली. "दुसऱ्याच्या लुगड्यात डोकावायला बसवलंय का तुला इथं? पाखरं कर!"

म्हातारी उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. लासमीसमोर येऊन उभी राहिली. तिची उंची सुनेच्या खांद्यापर्यंत. त्या मांडवात एकच बाई अशी होती, जिनं लासमीचा विटाळ गेल्याचं स्वतःच्या तोंडानं भर सभेत सांगितलं होतं, आणि तीच आता वर मान करून तिच्या तोंडाकडं बघत होती. लासमीनं नजर चुकवली नाही. तिला वाटलं, आता विचारेल. देवळात आहोत, विचारलं तर मला खरं सांगावं लागेल.

मेन दर्सानं विचारलं नाही.

"वयात असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "गेलं गेलं म्हणतो आणि उगवतं. माझंही झालं होतं." मग थरथरता हात पुढं केला. "सुरी दे."

लासमीनं सुरी तिच्या हातात ठेवली. म्हातारीनं ती लगेच रस्नीला दिली. रस्नीची पाळी नुकतीच होऊन गेली होती, पौर्णिमेपर्यंत तिला अडचण नव्हती. रस्नीनं दोन्ही हातांनी घेतली आणि रडायला लागली.

"रडतेस काय, मूर्ख! देवीवर पडेल," मेन दर्सा तिच्यावर खेकसली आणि सुनेकडं वळली. "तू अजून उभीच? निघ. पौर्णिमा होईस्तोवर गावात पाऊल टाकायचं नाही. मागच्या दारानं जा, ओढ्याच्या वाटेनं. देवाच्या वाटेवरून नको."

ओढ्याची वाट तेगलाशिवाय दुसरीकडं कुठंही जात नाही.

लासमी मागच्या दारानं बाहेर पडली. सांगाड्याकडं वळून बघायचं तिनं टाळलं. पुरुषांच्या जवळून जाताना दर्सा पुढं आला, म्हणजे अर्धं पाऊल, कारण बाहेरच्या बाईला शिवायचं नसतं. त्यानं तिचा फोन जमिनीवर ठेवला आणि मागं सरला.

"चार्ज झाला," तो म्हणाला.

तिनं फोन उचलला. पडदा काळा होता, बॅटरी पार संपलेली होती.

ओढ्याच्या उतारावर माती सुटी झाली होती. ती दोनदा घसरली, भाजलेलं मनगट दगडावर आपटलं. तळाला पाणी घोट्याइतकंच. पलीकडचा चढ ती थांबून थांबून चढली, वरच्या वळणावर तिला कुलकुलचा, तेगलच्या लाकडी घंटेचा, आवाज ऐकू आला. जड, सावकाश ठोके. न्हाण्याला बोलावणं होतं ते. लासमी पळत सुटली. एकोणपन्नासाव्या वर्षी, चढावर, हातात चपला घेऊन.

माहेरच्या अंगणात पन्नासभर माणसं होती. बाज मधोमध होती आणि आईला त्यावर नुकतंच ठेवलं होतं. पांढरं वस्त्र काढायला चार शेजारणी वाकलेल्या, बाजूला घडे भरलेले, फुलं, तांदळाची उटी, तेल, लाकडी फणी. लासमी फाटकात दिसली तशी सगळी माणसं मागं सरली, जणू भूत आलं.

भाऊ सुदाना धावत आला आणि चार हातांवर थांबला. "म्बोक! तू कशी... तुझ्या हातात सुरी आहे ना? तुमचा सण..."

"नाही सुरी माझ्याकडं. मी बाहेरची झालेय. देऊन आले."

सुदाना गोंधळला. मग त्याला समजलं, आणि त्यानं खालचा ओठ दातात धरला.

लासमी बाजेकडं निघाली तशी तिथली सगळ्यांत म्हातारी बाई आडवी आली. "थांब, लेकी. निरोप ऐकल्याशिवाय प्रेताला हात लावायचा नाही. सुदाना, सांग तिला."

"पण ताट मी पौर्णिमेनंतरसाठी..."

"ताट नसेल तर नुसतं तोंड आहे ना? सांग."

सुदाना पायरीवर बसला. कुणीतरी आपल्या कनवटीची विड्याची पानं काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एकदा घसा साफ केला, दुसऱ्यांदा केला.

"म्बोक, आपली मेमे गेली. परवा पहाटे. पाणी मागितलं, प्यायली, आणि गेली."

आता तिनं 'ऐकलं' म्हणायचं होतं. तीन दिवस ती ज्या शब्दाच्या कडेकडेनं चालली होती, तो आता नुसता म्हणायचा होता. सगळं अंगण वाट बघत होतं.

"ऐकलं," लासमी म्हणाली.

म्हातारी बाजूला झाली. लासमीनं मनगटाचा पिवळा दोरा तोडला, पदर खोचला आणि बाजेपाशी गुडघे टेकले. आई किती लहान झाली होती! मोडलेल्या खुब्यावर काळानिळा डाग मांडीपर्यंत उतरलेला, पाठीला अंथरुणाचे फोड. लासमीनं पहिला तांब्या पायांवर ओतला. मग उटी. मग केस, थोडेसेच उरले होते, ते तेल लावून विंचरले. शेजारणी एकेक वस्तू हातात देत गेल्या. भुवयांवर कडुनिंबाची पानं, डोळ्यांवर आरशाचे तुकडे, नाकपुड्यांत मोगऱ्याच्या कळ्या, दातांवर पोलादाचा तुकडा. पुढच्या जन्मी भुवया रेखीव, नजर लख्ख, श्वास सुवासिक, दात मजबूत. आईला या जन्मी चाळिशीतच दात गेले होते, म्हणून लासमीनं पोलाद जरा दाबून ठेवलं.

मग आईला कुशीवर वळवलं आणि डाव्या खांद्यावरचा जुना चटका समोर आला. लासमीचा हात तिथं थांबला. तिच्या हनुवटीवरून पाण्याचा एक थेंब बाजेच्या काठावर पडला.

"अगं, अगं!" म्हातारीनं तिचा खांदा धरला. "डोळ्याचं पाणी तिच्यावर पडू देऊ नकोस. वाट बुळबुळीत होते तिची. रडायचं तर तोंड तिकडं कर."

लासमीनं तोंड भिंतीकडं वळवलं. आणि मग ती रडली, तीन दिवसांचं, मोठ्यानं, गळा काढून, पलीकडं ओढ्यापार उमासारीत ऐकू गेलं असतं तरी चाललं असतं अशी. तोंड भिंतीकडं होतं आणि हात आईच्या खांद्यावर होते, त्या चटक्याला वळसा घालून, हळूहळू उटी लावत. पाठ अजून राहिली होती.